टेपमधल्या खरेबाई

चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या आंबरवाडीच्या हायस्कुलातले इंग्रजीचे मास्तर फलटणला सासुरवाडीला गेले, ते परत आलेच नाहीत. तिकडेच त्यांना नोकरी लागली, असं मागाहून कळलं. शाळा उघडली त्या दिवशी हेडमास्तर दामल्यांनी मला ऑफिसात बोलावलं आणि वेळापत्रकाच्या कागदावरून नजर न काढता म्हणाले, "मधुसर, आठवीचं इंग्रजी तुमच्याकडे."

"सर, मी इतिहासाचा माणूस. मला इंग्रजांचं राज्य येतं. त्यांची भाषा येत नाही."

"तूर्त राज्यावर भागवा."

मी चार आठवडे भागवलं. त्यात आठवीची पोरं सुरीला 'क्नाइफ' म्हणायला शिकली. नवा मास्तर मिळावा म्हणून दामलेसरांनी वर अर्ज पाठवले होते, पण कडेगावच्याही पलीकडे, आडरानातल्या शाळेत यायला कोणी तयार नव्हतं. दामलेसर स्वतः मूळचे वाईचे, गणिताचे. पोरं त्यांना जेवढी भीत, तेवढाच त्यांच्यावर जीवही टाकत.

अशात एक दिवस शाळा समितीचे अध्यक्ष सुभेदार कृष्णात पवार काखेत एक काळी पेटी घेऊन आले. सुभेदार सैन्यात सिग्नलमध्ये होते. तोफांच्या शेजारून वायरी ओढता ओढता डावा कान गेला होता आणि उजवा निम्मा राहिला होता, त्यामुळे ते कुणाशीही परेडवर असल्यासारखे बोलत. समितीची माणसं जमल्यावर त्यांनी पेटी टेबलावर ठेवली.

"जपानी टेपरेकॉर्डर! बेंगलोरच्या दोस्ताकडनं आणलाय. पल्टनीत आमास्नी ह्याच्यावरच शिकवलं. मास्तर एक, आवाज एक, शंभर जवान तयार! सांगलीला खरेबाई म्हणून रिटायर मास्तरीणबाई हायत्या, इंग्रजीत लय हुशार. त्यांचं धडं ह्यात भरून आणतो. हितं नुसतं बटन दाबायचं."

दामलेसरांनी चष्मा काढून पुसला. त्यांना वाद घालायचा असला की ते आधी चष्मा पुसत.

"सुभेदार, मास्तर म्हणजे नुसता आवाज नव्हे. मी गणित मांडतो तेव्हा फळ्यापेक्षा पोरांच्या तोंडाकडे जास्त बघतो. कुणाच्या कपाळावर आठी दिसली की एक पायरी मागं येतो. तुमचं यंत्र कुणाच्या तोंडाकडे बघणार?"

"न्हाई बघणार," सुभेदार म्हणाले. "पर ते दमत न्हाई. एकच वाक्य धा बार इचारा, धा बार सांगतंय, आनि धाव्या बारीला बी चिडत न्हाई. तुमी चिडता."

"मी तिसऱ्या वेळेलाच चिडतो," दामलेसर म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

समितीवर बायकांतर्फे रंगूबाई होत्या. त्यांचा मुलगा अर्जुना फौजेत होता आणि त्याची मुलगी बनू आमच्या आठवीत. रंगूबाईंनी पेटीभोवती एक चक्कर मारली.

"हे मारतंय का?"

"न्हाई ओ."

"मग पोरं ऐकतील कशी?"

"पोरांवर ध्यान ठेवायला मधुसर हायत की."

म्हणजे बटण दाबायचं आणि छडी घेऊन उभं राहायचं एवढीच माझी नोकरी ठरली. मला अपमान वाटायला हवा होता. पण मनातून मी त्या पेटीला हात जोडले.

सुभेदार एकटेच सांगलीला गेले. गावभागात खरेबाईंच्या घरी दोन दिवस मुक्काम करून त्यांनी सहा कॅसेट भरून आणल्या. येताना मात्र एसटीतल्या लोकांनी पेटी वाजवून दाखवायचा आग्रह धरला. सांगलीपासून विट्यापर्यंत ती वाजली, विट्याच्या स्टँडवर चहाच्या टपरीवर वाजली आणि आंबरवाडीत येईपर्यंत तिचे सेल उतरून गेले. याची कल्पना कोणालाच नव्हती. सुभेदारांना तर पेटी वाजतेय एवढंच कळत होतं.

पहिल्या तासाला सगळा वर्ग श्वास रोखून बसला. मी बटण दाबलं. आतून एक भारदस्त, खोल, सावकाश आवाज आला, विहिरीत उतरून कोणी बोलावं तसा.

"गूऽऽड मॉऽऽर्निंग, चिऽऽल्ड्रन. माऽय नेऽम इज प्रमोऽदिनी खऽरे."

मागच्या बाकावरचा जोतिबा हळूच म्हणाला, "बाई लय दांडगी दिसतीया."

मलाही तसंच वाटलं. पण इंग्रजी बोलायला असा आवाज लागत असेल, अशी मी समजूत करून घेतली. बाईंनी म्हणायचं, मग पेटी थोडी गप्प व्हायची, मग वर्गाने तसंच म्हणायचं, अशी रीत होती. वर्गाने ती मनापासून पाळली. पंधरवड्यात चाळीस पोरंपोरी छाती भरून, हनुवटी गळ्याला लावून, "गूऽऽड मॉऽऽर्निंग" म्हणू लागली. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत म्हशी रवंथ करताहेत.

सेल अगदीच मंदावले की सुभेदार ते काढून पत्र्यावर उन्हात मांडत. "सेल मेलं न्हाईत, दमल्यात. ऊन दाखवलं की ताजं हुत्यात." फारच झालं तर सहातला एखादा बदलायचा. त्यामुळे उन्हं खाल्ल्यावर बाई जराशा घाईने बोलत आणि तास संपत आला की त्यांना झोप येई. पोरं त्यावरून वेळ ओळखायला शिकली होती. "बाई पेंगायला लागल्या, आता घंटा हुणार," असं जोतिबा म्हणे, आणि घंटा होई.

यात नवल एवढंच, की पोरांना येऊ लागलं. दामलेसर व्हरांड्यात उभे राहून ऐकत आणि आपल्या तासाला जात. एकदा मात्र त्यांनी मला हाक मारली.

"मधुसर, ती बनू बोलते?"

बोलत होती. बनू हे एक कोडंच होतं. पाचवीपासून तिने वर्गात तोंड उघडलेलं कोणी पाहिलं नव्हतं. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं की ती मान खाली घाली ती तास संपेपर्यंत. पण पेटीपुढे ती सगळ्यांच्या बरोबरीने, सगळ्यांइतक्याच घोगऱ्या आवाजात बोले.

"पेटी तिच्याकडे बघत नाही ना," मी म्हटलं.

दामलेसरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. तसाच घालून ते ऑफिसात गेले.

सगळं असं ठीक चाललं होतं, आणि मग चौथी कॅसेट लागली. खरेबाईंनी सांगलीत बसून धडे दिले ते त्यांच्या सवयीप्रमाणे, हातात वस्तू धरून. "धिस इज अ पेन" म्हणताना त्यांनी पेन दाखवलं असेल, पण ते दाखवणं काही फितीत उतरलं नव्हतं. पेन, कप, अंब्रेला इथपर्यंत आमचं निभावलं. चौथ्या कॅसेटवर बाई म्हणाल्या, "धिऽस इज अ थिंऽबल."

वर्गाने म्हटलं, "धिऽस इज अ थिंऽबल." मग जोतिबा उठून उभा राहिला. "सर, थिंबल म्हंजे काय?"

मी पेटीकडे पाहिलं. पेटी पुढे निघून गेली होती. मी ती थांबवली आणि दामलेसरांकडे गेलो. शाळेत डिक्शनरी होती, पण 'पी'पर्यंतचीच. पुढची पानं, 'टी'सकट, वाळवीने नेली होती.

दामलेसरांनी प्रश्न गणितासारखा सोडवला. "सिंबल म्हणजे काय? झांज. बरोबर? मग सिंबल जर झांज, तर थिंबल हे त्याच जातीचं वाद्य असणार. 'थिम्, थिम्' आवाज करणारं. तबला."

एवढ्या शिस्तीत आलेलं उत्तर चुकीचं असेल असं मला वाटलं नाही. मी वर्गात जाऊन फळ्यावर तबला काढला. त्यानंतर पेटी पुन्हा सुरू केली, तेव्हा धडा पुढे असा निघाला: बाईंच्या आजीचा थिंबल हरवला आहे. थिंबलशिवाय तिला काम करता येत नाही. ती रोज मध्यरात्रीपर्यंत थिंबल घेऊन काम करते. सगळे मिळून थिंबल शोधतात.

वर्ग गंभीर झाला. आजीचा तबला हरवला याचं सगळ्यांना वाईट वाटलं.

बनूने घरी जाऊन आजीला धडा सांगितला. दुसऱ्या दिवशी रंगूबाई ऑफिसात हजर.

"हेडमास्तर, ही बाई हाय तरी कोन? आजी मध्यान्रातीपातूर तबला बडवती, आवाज असा गड्यावानी, आनि आमी पोरी तिच्याफुडं बसवतोय! कंचा फड हाय त्यांचा?"

"अहो रंगूबाई, चांगल्या घरच्या आहेत त्या. सुभेदार भेटून आलेत."

"सुभेदारास्नी काय ऐकू येतंय? मला बाई डोळ्यांनी बघू द्या. त्याबिगर बनू त्या पेटीम्होरं बसायची न्हाई."

रंगूबाईंच्या मागोमाग आणखी चार घरांनी मुली पाठवायचं थांबवलं. शेवटी सुभेदारांनी खरेबाईंना आमंत्रण धाडलं. बाईंचा होकार आला आणि गावात एकच गडबड उडाली.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळची शाळा सोडून सगळी आठवी स्टँडवर आली. हलगी होती, हार होता. हार घालायला आप्पासोला पुढे केलं होतं, कारण तो गावात सगळ्यांत उंच. बाईंच्या गळ्यापर्यंत त्याचाच हात पोचेल असा अंदाज होता. सुभेदार मात्र छातीवर मेडलं लावायला घरी गेले होते, ते अजून आले नव्हते.

सांगलीची एसटी आली. चार-पाच माणसं उतरली. त्यात छत्री घेतलेल्या एक ठेंगण्या, किडकिडीत म्हाताऱ्या बाई होत्या. हलगी वाजत होती, सगळे माना उंचावून दारात बघत होते.

"आजी, जरा कडंला व्हा," आप्पासो म्हणाला. "आमच्या बाई उतरायच्या हायत्या."

त्या बाजूला झाल्या. कंडक्टरने दार ओढलं, डबल बेल दिली आणि एसटी निघून गेली. हलगी थांबली.

"आल्याच न्हाईत," रंगूबाई म्हणाल्या. "येतील कशाला? त्वांड दावायला नगं?"

"कुणाची वाट बघताय तुम्ही?" त्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं. आवाज बारीक, चिमणीसारखा.

"खरेबाईंची."

"मीच खरे."

कोणी विश्वास ठेवीना. आप्पासो हार पाठीमागे लपवू लागला. तेवढ्यात मेडलं वाजवत सुभेदार आले, त्यांनी खाडकन सॅलूट ठोकला आणि ओरडले, "बाई! प्रवासात तरास न्हाई ना झाला?" मग आप्पासोने वाकून, जवळजवळ गुडघ्यावर येऊन हार घातला. बाईंना अर्धं कापून पाठवलंय, असं काहीतरी पोरांच्या चेहऱ्यावर होतं.

शाळेत आल्यावर बाई थेट वर्गात गेल्या. मागे दामलेसर, मी, सुभेदार, रंगूबाई आणि खिडक्यांतून सगळा गाव.

"गुड मॉर्निंग, चिल्ड्रन," बाई किणकिणल्या.

चाळीस हनुवट्या गळ्याला लागल्या. "गूऽऽड मॉऽऽर्निंग, टीऽऽचर."

बाई दचकून एक पाऊल मागे आल्या. मग त्यांचा चेहरा लाल झाला. तीस वर्षं मुलींच्या शाळेत काढलेली बाई, नक्कल ओळखायला त्यांना वेळ लागत नसे. पण पोरांचे चेहरे तर देवळात उभे असावेत तसे होते. त्यांनी पहिल्या बाकावरच्या पोराला विचारलं, "व्हॉट इज युअर नेम?"

"माऽय नेऽम इज प्रमोऽदिनी खऽरे."

दुसऱ्याला विचारलं. तोही प्रमोदिनी खरे. तिसरा, मिसरूड फुटायला आलेला, तोही प्रमोदिनी खरे. बाईंनी छत्री उचलली.

"दामले, मी थट्टा करून घ्यायला एवढ्या लांब आलेले नाही."

दामलेसर घाबरून "अहो, नाही, नाही" म्हणत पुढे आले, आणि नेमका तेव्हाच जोतिबा उठला. त्याला बाईंची खरोखरच काळजी वाटत होती.

"बाई, तुमच्या आजीचा तबला घावला का?"

"कसला तबला?"

"थिंबल. हरवला हुता न्हवं?"

बाईंनी फळ्याकडे पाहिलं. तबला अजून तिथेच होता, मी रंगीत खडूने काढला होता म्हणून कोणी पुसला नव्हता. त्यांनी पिशवीत हात घातला आणि एक छोटी पितळेची टोपी काढून बोटावर चढवली. शिवताना सुई टोचू नये म्हणून शिंपी घालतात ती.

"हे थिंबल. माझी आजी झबली-टोपडी शिवायची. रात्र रात्र बसून."

दामलेसर खिडकीबाहेर बघत होते, आणि खिडकीबाहेर सगळा गाव असल्यामुळे त्यांना नजर ठेवायला जागाच मिळत नव्हती.

"आगं बया," रंगूबाई म्हणाल्या. "शिलाईचं काम व्हय? आनि आमी म्हनलं..." पुढचं त्यांनी पदराआड गिळलं.

मग बाईंनी पेटी लावायला सांगितली. आतून तो विहिरीतला आवाज निघाला आणि बाईंनी कपाळाला हात लावला.

"हा पुरुष कोण?"

"तुमीच की बाई," सुभेदार म्हणाले.

"मी?" बाईंनी सुभेदारांचा उजवा कान पेटीशी नेला आणि मग आपण स्वतः तेच वाक्य म्हटलं. सुभेदार बराच वेळ दोन्ही आवाज जुळवत राहिले. मग त्यांनी सेल काढले, हातात तोलले आणि अख्ख्या गावासमोर कबूल केलं, "दमलं न्हाईत. मेल्यात."

आप्पासोने खिडकीतून आपली बॅटरी पुढे केली. "ह्यातलं घ्या, काल रातीच घातल्यात. उसाला पानी पाजायला लागत्यात." दुसऱ्या कोणीतरी तीन दिले. सहा ताजे सेल पडल्यावर पेटी चिमणीच्या आवाजात भराभर बोलू लागली, अगदी बाईंसारखी. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

"सर, ही आमची बाई न्हाई," जोतिबा म्हणाला.

आता मात्र खरेबाई हसल्या. छत्री टेबलावर ठेवून, तोंडाला पदर लावून हसल्या. मग दामलेसरांना म्हणाल्या, "दामले, तीस वर्षांत माझा सबंध वर्ग एकही शब्द न गाळता धडा म्हणतोय, असं कधी झालं नाही. यांचा कान चांगला तयार झालाय. पण सबंध वर्गाचं नाव एकच, असंही कधी झालं नाही. हे बोलताहेत, पण यांच्याशी कोणी बोललेलं नाही."

त्यांनी एकेकाला उठवून त्याचं त्याचं नाव घालायला शिकवलं. आपलं स्वतःचं नाव इंग्रजीत ऐकून पोरं लाजत होती. बनूची पाळी आली. बनू उठली आणि मान खाली गेली. रंगूबाई मागून "बोल की गं" म्हणत होत्या, त्यामुळे मान आणखी खाली जात होती.

बाई पाठ फिरवून फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"मी काही बघत नाही," त्या तबल्याला म्हणाल्या. "व्हॉट इज युअर नेम?"

बराच वेळ गेला. बाई हलल्या नाहीत.

"माऽय नेऽम," मागून तो म्हशीसारखा आवाज आला, "इज बनू अर्जुना माऽने."

रंगूबाईंनी डोळ्याला पदर लावला. खिडकीतून हलगीवाल्याने एक ठोका दिला आणि दामलेसरांनी त्याला हात दाखवून गप्प केलं.

दुपारी सुभेदारांच्या घरी जेवणं झाल्यावर समिती बसली. पेटी ठेवायची की नाही, हा सवाल होता. आता बाजू उलटल्या होत्या. सुभेदार शरमून म्हणत होते की पेटी आपण परत नेतो, आणि दामलेसर म्हणत होते की नको.

"मी सबंध वर्गाच्या तोंडाकडे बघतो असं म्हणत होतो," ते म्हणाले. "ही मुलगी चार वर्षं माझ्यासमोर आहे. माझ्या बघण्याने ती मुकी झाली होती, हे मला दिसलं नाही. पेटी राहू द्या. पण थिंबलसारखं काही आलं तर विचारायला माणूस पाहिजे, आणि तो माणूस मी नको."

शेवटी असं ठरलं की खरेबाईंनी महिन्यातून दोन शनिवार यायचं. मधल्या दिवसांत पेटी लावायची, ताजे सेल घालून, आणि पोरांना अडेल ते एका कॅसेटमध्ये पोरांनीच बोलून ठेवायचं. एसटीचा कंडक्टर ती बाईंच्या घरी पोचती करेल. बाई मला म्हणाल्या, "मधुसर, तुम्हीही विचारत जा." मी मान डोलावली. 'क्नाइफ' मी त्यांच्यापर्यंत जाऊ दिलं नव्हतं, पण त्यांना ते कळलं असावं.

बाई संध्याकाळच्या गाडीने गेल्यावर रंगूबाई घुटमळत शाळेत आल्या. पेटीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "सुभेदार, आमचं बोलनं बी घेतंय का हे? अर्जुना लांब बर्फात हाय. त्येच्या दोस्ताकडं असली पेटी हाय म्हनं. त्येला माझा आवाज धाडता येईल?"

सुभेदारांनी लगेच बटण दाबलं. रंगूबाई पेटीच्या तोंडाशी तोंड नेऊन, काश्मीरपर्यंत पोचेल अशा आवाजात बोलल्या. गाय व्याली, बनू इंग्लिश बोलती, पाऊस बरा झालेला, सगळं सांगितलं.

सोमवारी मी पाचवी कॅसेट लावली. धडा निम्मा झाला आणि मध्येच कोणीतरी गरजलं:

"अर्जुना! जेवतोस का रं टायमाला? थंडी लय हाय व्हय तिकडं? कवा येनार हाईस?"

वर्गाला काही वावगं वाटलं नाही. धडा आहे म्हटल्यावर म्हणायचा, एवढंच त्यांना ठाऊक. मी उठून बटणापर्यंत पोचायच्या आत चाळीस जणांनी एका सुरात अर्जुनाला जेवणाचं विचारलं. सुभेदारांनी घाईत चुकीच्या कॅसेटवर बोलणं भरलं होतं. पुढचा धडा कायमचा पुसला गेला आणि तो काय होता ते कोणालाच कळलं नाही.

पुढच्या शनिवारी बाईंना आम्ही भीत भीत ते ऐकवलं. त्यांनी दोनदा ऐकलं, खडू घेतला आणि फळ्यावर मराठीत ती तीन वाक्यं लिहिली.

"चला," त्या म्हणाल्या. "हे इंग्रजीत कसं म्हणाल? पेटीत याचं उत्तर नाही. मीही सांगणार नाही."

वर्गात कुजबुज सुरू झाली. 'डू यू ईट' की 'आर यू ईट', यावरून जोतिबाची पुढच्या बाकाशी भांडणं लागली. कोणाला 'थंडी' येईना. 'स्नो' येत होतं, पण थंडी येईना. कोणी 'आइस' म्हणालं, कोणी 'विंटर'. आणि त्या गलक्यात, कोणी न विचारता, बनू उभी राहिली. बाई तिच्याकडेच बघत होत्या. तिने मान वर ठेवली.

"इज इट व्हेरी कोल्ड देअर?" ती म्हणाली. मग जरा थांबून, आपल्याच बारीक आवाजात तिने पुढचंही विचारलं. "व्हेन विल यू कम?"